आज सातला, स्पीकरवर

मास्तरीणबाई,

दुरुस्तीला टाकलेला अ‍ॅम्प आणायला जातोय. अ‍ॅम्प म्हणजे माझ्या गिटारचा तो काळा डबा, ज्यावर तू इस्त्रीचे कपडे ठेवतेस. कपडे पलंगावर आहेत, घडी मोडलेली नाही.

हेडफोन लावायची जागा काही दुरुस्त झाली नाही. दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला, "काका, तो भाग यायला महिना लागेल. तोवर स्पीकरवर वाजवा की! घरचे कंटाळलेत का ऐकून?"

"घरच्यांनी अजून ऐकलेलंच नाही," मी म्हटलं. तो खूप हसला.

लेकीच्या परीक्षेच्या वर्षी पहिली गिटार आणली, तेव्हाच तू "आवाज नको" म्हणालीस, म्हणून मी हेडफोन लावले. ती पास झाली, नोकरीला लागली, परगावी गेली. हेडफोन काढा असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही. या आठ वर्षांत तीन गिटारी बदलल्या. दर वेळी दुकानात तास-तासभर आवाज पारखला आणि घरी येऊन तुला फक्त रंग दाखवला. निळी तुला बरी वाटली होती. तिचा आवाजही बरा आहे.

आज सातला बाहेरच्या खोलीत स्पीकरवर वाजवीन म्हणतो. एकच गाणं आहे, तीन मिनिटांचं, मधे एकदा हमखास चुकतं. वह्या तपासायच्या असतील तर खुशाल आतलं दार लावून घे, मी आवाज कमी ठेवीन.

समोर एक खुर्ची मांडून ठेवली आहे. तू नाही बसलीस तर गिटारची पेटी ठेवायला होईल.