सातव्या गाण्याआधीचं पाणी

नवं गावठाण, ता. पवनी
१२ ऑक्टोबर २००८

चि. प्रेरणास,
बायाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दिलेला जुना कंप्युटर मजेत आहे. आज तुझ्या मामाजीच्या दंडारीच्या गाण्याची सीडी त्यात उतरवली. सातही गाणे दोन सेकंदात! हेमराज भाऊजी म्हणत होते का हे बायामानसाचं काम नाही, दुकानात द्या. म्या म्हटलं, आता पाहा. मंग सीडी काढून गाणं लावलं, तं मुक्कं. सीडी घातली का वाजते, काढली का बंद. सख्खा दीर, पण असा हासला का चष्मा खाली पडला.

तू हासू नको वो. एकतीस तारखेले मंडईची जत्रा आहे, जुनं गाव धरणात गेल्यावर नव्या गावठाणातली पहिलीच. तिच्यात दंडारीचा नाचगाण्याचा खेळ तं पाहिजेच. तुझे मामाजी माघात मले सोडून गेले अन् दंडारीच्या चाली त्याइच्यासंगच गेल्या. पार्टीतले पंधरा जण म्हणतात, सीडी द्या, ऐकून शिकतो. एकच सीडी पंधरा घरी फिरली तं तिची चाळणी होईल. कंप्युटरात आली का मी सगळ्याइले एकेक काढून देईन.

काय चुकलं ते लिहूनच पाठव. फोनले रेंज फक्त शेवग्याखाली भेटते अन् कंप्युटर काही तिथं नेता येत नाही.

माया पातळ करू नको.
तुझी
बायाआत्या


नागपूर
१५ ऑक्टोबर २००८

ती. आत्यास,
प्रेरणाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी हसले, माफ कर. तू सीडीतून ओढून आणलीस ती गाणी नाहीत, गाण्यांचे पत्ते आहेत. एकेकाचा आकार बघ, एक केबी भरेल. गावाची पाटी उपटून नव्या गावठाणात लावली म्हणून जुनं गाव थोडंच आलं? तसंच झालं हे.

आता असं कर. ते सगळं पुसून टाक. गाणी वाजवायचा प्लेअर उघड, सीडी घाल, वर 'रिप' लिहिलेलं बटण आहे ते दाब. एकेका गाण्याला पाच-दहा मिनिटं लागतील. लागू देत, मध्ये माउसला हात लावू नकोस. आणि हेमराजकाकांचं हसून झालं असेल तर त्यांना शेजारी बसव.

तुझा हात डोक्यावर राहू दे.
तुझी
प्रेरणा


नवं गावठाण
१८ ऑक्टोबर २००८

चि. प्रेरणास आशीर्वाद. वि. वि.

गावाचं लिहिलं ते लागलं मले, पण समजलं बरोबर. सहा गाणे आले! सीडी काढून वाजवले. भाऊजीचं तोंड पाहासारखं झालं होतं.

पण सातवं येऊन नाही राहिलं. मशीन कुर्र-कुर्र करते अन् अर्ध्यातच थांबते. चारदा केलं. भाऊजीनं सीडी दुकानात नेली, तं दुकानदार म्हणे का ही गेली, नाद सोडा. ऐकलं तशी मी स्वतः गेली अन् त्याच्या टेबलावरून सीडी उचलून आणली. पार्टीवाले म्हणतात, सहा खूप झाले. मले नाही चालत. सातवंच पाहिजे. काहून, ते नको विचारू.

वाट पाहून राहिली.
बायाआत्या


नागपूर
२१ ऑक्टोबर २००८

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

दुकानदाराचं मनावर घेऊ नकोस. प्लेअरच्या सेटिंगमध्ये चुका दुरुस्त करायची एक चौकट आहे, तिथे टिक कर. वेग सगळ्यात कमी ठेव.

पण त्याआधी एक सांग. सीडी मधून कडेकडे वाचली जाते. सातवं शेवटचं, म्हणजे अगदी कडेला. कडेला काय लागलंय? खरं सांग हं. आत्ताच दसरा झाला, आणि लहानपणी तू माझ्या सायकलीला, पाटीला, चपलेलासुद्धा हळद-कुंकू लावायचीस, विसरले नाही मी.

लागलं असेल तर पाण्यात साबणाचा एकच थेंब टाक. जुनं मऊ सुती फडकं घे, पदर नको. मधून कडेकडे सरळ पूस, गोल फिरवू नकोस. सावलीत वाळव, मग घाल. आणि सातवंच का, ते आता सांगावंच लागेल तुला.

रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी
प्रेरणा


नवं गावठाण
२ नोव्हेंबर २००८

चि. प्रेरणास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

जिंकलो वो बाई, जिंकलो!

हो, लावलं होतं. दसऱ्याले मासोळ्याचं जाळं पुजलं, ढोलकी पुजली, मंग सीडीच राहिली होती. वरच्या बाजूनं मार्करनं 'श्यामलाल दंडार पार्टी' लिहिलं आहे. तुझ्या मामाजीच्या नावावर बोट कसं फिरवू? म्हणून चमकत्या बाजूनं लावलं, कडेले, मोठं ठसठशीत. तू सांगितलं तसं पुसलं. चौकटीत टिक केली, वेग कमी केला. सातवं गाणं वीस मिनिटं घेऊन आलं, पण सगळं आलं. मी अंगणात जाऊन ओरडली, तं शेजारची कलाबाई धावत आली का साप निघाला.

आता सांगतो. सातव्याच्या सुरवातीले, गाणं म्हणाच्या आधी, तुझे मामाजी खोकलतात अन् म्हणतात, बाया, पानी आन वो. बस, तेवढंच. चाळीस वर्सं मले असंच बोलावलं. पार्टीले गाणे पाहिजे होते, मले ते पाणी पाहिजे होतं. हे कोणाले सांगू?

मंडईत दुपारी दंडार उभी राहिली. जुन्या गावचे सगळे आले, चार गावठाणात पांगलेले. मामाजीच्या जागी भाऊजी होते. सहा गाणे असे म्हटले का म्हातारे माणसं डोळे पुसत होते. सातव्याच्या आधी भाऊजी थांबले. खोकलले. अन् भर मंडईत म्हणाले, बाया, पानी आन वो. ज्या मानसानं जन्मात वहिनीचं नाव नाही घेतलं! म्या पदर खोचला अन् तांब्या घेऊन गेली. ते पाणी प्याले, मंग सातवं म्हटलं. पुढं पाया पडून मले म्हणाले का वहिनी, आम्ही जसं सीडीत आहे तसंच शिकलो, मधलं सोडता येते का?

सीडी आता पंधरा घरी आहे. सकाळी भांडे घासाले बसली का या घरातून नाही तं त्या घरातून मले पानी मागणं सुरूच असते.

दिवाळीचा फराळ पाठवतो. पुढच्या दसऱ्याले कुंकू डबीले लावीन, सीडीले नाही. माया अशीच ठेव.
तुझी
बायाआत्या