घर फोडणारी

आई, आज वर्गात एका मुलीने ‘डिव्हायसिव्ह’ म्हणजे काय, असं विचारलं. फूट पाडणारा, दुही माजवणारा, असं मी फळ्यावर लिहिलं आणि उरलेला तास कसाबसा ढकलला. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वापरला तो तुझ्यासाठी.

बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. गावात नुकते मोबाईल आले होते. बदलापूर गावातल्या आपल्या घरात तू काकांना म्हणालीस, माझी चूल वेगळी करा. काकी रडते आहे, शेजारचे ओट्यावर जमलेत. मी उल्हासनगरच्या कॉलेजातून नुकताच परतलेला. डोक्यात ताजं इंग्रजी आणि काकांबद्दल भारी आदर. सगळ्यांदेखत म्हणालो, आई डिव्हायसिव्ह आहे. तू पदराला हात पुसलेस. “काय बोल्लास, मना पन सांग.”

“घर फोडणारी,” मी म्हणालो.

तू रॉकेलचा स्टोव्ह उचलून मागच्या पडवीत नेलास. मला वाटलं, बोलण्यासारखं काही नसेलच तुझ्याकडे. केवढा शहाणा होतो मी.

खरं काय ते तू गेल्यावर काकीने सांगितलं. माझं कॉलेज सोडवून मला अंबरनाथच्या कारखान्यात चिकटवायचं काकांनी ठरवलं होतं, आणि त्यांच्या चुलीवरचं जेवून तुला त्यांना नाही म्हणता येत नव्हतं. मला कळलं तर मी काकांवर उठेन, म्हणून तू काकीलाही गप्प राहायला सांगितलंस. काका-पुतण्यात वितुष्ट नको म्हणून सगळा बोल स्वतःवर घेतलास.

पुढे शिकवायला लागल्यावर त्या शब्दाचं मूळ शोधलं. लॅटिन आहे, अलग करणं अशा अर्थाचं. त्याच्याही मागच्या प्राचीन मुळातून विधवेसाठीचा इंग्रजी शब्द ‘विडो’ आलाय, आणि आपला ‘विधवा’सुद्धा त्याच कुळातला. अलग करणारी आणि अलग पडलेली, दोघी एकाच घरच्या.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं तरी सांगतो. त्या संध्याकाळी तू दोघांपुरत्या भाकऱ्या केल्यास आणि मला हाक मारलीस. मी काकांच्या पंगतीला जाऊन बसलो. भूक नव्हती. तुला पडवीतून दिसावं म्हणून दोनदा भात मागून घेतला.