अण्णा, क्लचमध्ये कोणतं तेल ओतलंत?

अण्णा,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. आई म्हणते, गेलेल्या माणसावर रागावू नये. मी म्हटलं, मग जिवंत होते तेव्हा मला कळू द्यायचं होतं! आता हा राग मी कुठे काढू? म्हणून पत्र लिहायला बसले.

परवा दसरा. तुम्ही गेल्यानंतरचा पहिलाच. दसऱ्याच्या आधी बुलेटचं तेल बदलायचं आणि मगच तिला झेंडूचा हार घालायचा, ही तुमची पद्धत. जुन्या तेलावर हार घालणं म्हणजे पारोशा माणसाला टिळा लावणं, असं म्हणायचात. तेल बदलताना कुणाला आसपास फिरकू द्यायचा नाहीत. मला वाटायचं, केवढी ही श्रद्धा! यंदा ते काम आपण करावं म्हणून माहेरी आले आणि काल पार्किंगमध्ये उतरले.

नाना पेठेतल्या तुमच्या तेलाच्या दुकानात लहानाची मोठी झालेली मुलगी मी, मला कुणी शिकवायची गरज नव्हती. गाडीच्या डाव्या अंगाला जुनी कढई सरकवली, क्लचच्या झाकणाचा तो मधला एकच नट सोडवला आणि झाकण सैल केलं. बुलेटच्या क्लचसाठी तुम्ही सगळ्यांना द्यायचात ते लाल तेल बाहेर येणार, अशी माझी खात्री. आलं ते पिवळट. पातळ, बोटांवरून निसटणारं. वासानेच ओळखलं मी. नव्या मोटारींच्या इंजिनात घालतात ते तेल होतं.

आधी वाटलं, शेवटी शेवटी तुम्हाला नीट दिसत नव्हतं, डबा चुकला असेल. पण तुम्ही आणि तेलात चूक?

आठवतंय, एक गृहस्थ बुलेटच्या क्लचसाठी हेच तेल मागायला आले होते? तुम्ही चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे पाहिलंत.

"गाडी चालवायचीय, का नुसती ओरडताना ऐकायचीय?"

"अहो, पण हे सगळ्यात भारी आहे ना?"

"आहे ना. पैठणीही भारी असते. ती नेसून कुणी पोहायला जात नाही."

मग त्यांना समजावून सांगितलंत. इंजिनाला निसरडं तेल लागतं, क्लचला ते चालत नाही. क्लचमधल्या प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरलं तरच चाकाला जोर मिळतो. हे तेल पडलं की त्या सरकायला लागतात. सपाटीवर कळत नाही. चढावर इंजिन बोंबलतं आणि गाडी जागच्या जागी. गृहस्थ लाल तेल घेऊन गेले. मी तेव्हा गल्ल्याशेजारी बसून अभ्यास करत होते, आणि मला तुमचा इतका अभिमान वाटला होता!

चढावर, अण्णा. म्हणजे बोपदेव घाटात.

हिंजवडीच्या ऑफिसातल्या आम्ही मैत्रिणी पहिल्यांदाच गाड्या घेऊन सासवडला निघालो होतो. कोंढव्यापर्यंत मी सगळ्यांच्या पुढे. घाट लागला आणि इंजिन किंचाळायला लागलं, गाडी मात्र रांगायला लागली. एकेक जण मला मागे टाकून वर गेली. रश्मी थांबली आणि ओरडली, "अगं, क्लच सोड ना पूर्ण!" अहो, सोडलेलाच होता! बोटं लिव्हरला टेकलेलीसुद्धा नव्हती. मागून खडीचा डंपर हॉर्न वाजवत अंगावर येत होता. मी कशीबशी गाडी कडेला घेतली आणि तिथूनच परत फिरले. तो डंपर तुमच्या हिशेबात होता का, अण्णा? मला जपायला निघाला होतात ना?

घरी आले तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही पेपरातून डोकंही वर न काढता म्हणालात, "क्लचवर हात ठेवून चालवतेस तू. हात जड आहे तुझा. माझ्या हातात क्लच बरा सरकत नाही?"

कसा सरकेल? तुम्ही चालवायचात ती बिबवेवाडी ते नाना पेठ. तिथे कुठला घाट आलाय?

आणि मी तुमचं खरं मानलं. झाकण उघडून बघावं असं मला सुचलंसुद्धा नाही. तेल तुम्ही घातलं होतं, मग शंका कशाची घ्यायची? शंका घेतली ती स्वतःची. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की पार्किंगमध्ये गाडीवर बसून क्लच दाबायचा, सावकाश सोडायचा, परत दाबायचा. वॉचमन हसायचा. तुम्ही गॅलरीतून बघत असायचात. एकदा वरूनच म्हणालात, "आता बरं जमतंय हं!"

काय जमत होतं, अण्णा? काय बघून म्हणालात ते? सगळं सोडून देईन एक वेळ, पण हे एक वाक्य घशाखाली उतरत नाही.

पुढच्या खेपेलाही घाटात तेच झालं. मग मैत्रिणी कोकणात निघाल्या तेव्हा मी ताप आलाय म्हणून सांगितलं. हळूहळू त्यांनी विचारणंच बंद केलं. लग्नानंतर मोटार घेतली, तीही नवराच चालवतो. "तू घे ना जरा," तो म्हणतो. मी म्हणते, नको बाई, माझा हात जड आहे. तुमचं वाक्य मी माझं म्हणून सांगत फिरले, अण्णा!

काल तशाच तेलकट हातांनी वर गेले. आई नवरात्राच्या माळेसाठी झेंडूची फुलं ओवत होती.

"आई, अण्णा क्लचमध्ये मोटारीचं तेल घालायचे?"

तिची सुई थांबली नाही. "हं."

"तुला माहीत होतं?"

"डबा मीच माळ्यावर ठेवायचे. तुझ्या नजरेला पडू नये म्हणून."

म्हणजे तुम्ही दोघं! घरात एकटी मीच मूर्ख.

मग तिने सांगितलं. दुकानात रोज चहाला येणारे ते मास्तर एका सकाळी तुमच्याबरोबर चहा पिऊन गाडीवरून सासवडला निघाले आणि घाटातल्या अपघातात गेले. त्यानंतर मी गाडीची किल्ली उचलली की तुमच्या छातीत धडधडायचं; लग्नानंतरही मी माहेरी येऊन गाडी काढेन, ही धास्ती होतीच. "रात्र रात्र झोपायचे नाहीत गं हे. तुला जाऊ नको म्हटलं असतं, तर तू ऐकणार होतीस का?"

नव्हते ऐकणार. कबूल. पण भांडले तरी असते! तुम्ही आवाज चढवला असता, मी दार आपटलं असतं, आईने दोघांना जेवायला हाक मारली असती. आपल्या घरात भांडणं काय कमी झाली? त्यात आणखी एक. कदाचित तुम्ही जिंकलाही असतात. "मंजू, मला भीती वाटते," एवढं तुमच्या तोंडून ऐकलं असतं, तर मी किल्ली ठेवूनसुद्धा दिली असती, कोण जाणे. पण भीती तुमची आणि दोष माझ्या हाताला, हा कुठला न्याय?

तुमची माया मला कळत नाही असं समजू नका. कळते, म्हणून तर डोकं जास्त फिरतं. परक्याने फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाले असते. दुकानात येणाऱ्या अनोळखी माणसालाही तुम्ही चुकीचं तेल कधी दिलं नाहीत. ते घरातल्या माणसासाठी राखून ठेवलंत.

आज सकाळी प्लेटा काढून पेट्रोलमध्ये स्वच्छ धुतल्या, वाळवल्या, परत बसवल्या. लाल तेल घातलं, पातळी दाखवणाऱ्या स्क्रूपर्यंत, ना कमी ना जास्त. आई गॅलरीत येऊन उभी होती. तिला म्हटलं, दसरा झाला की रविवारी सासवडला जाणार. "जायचं नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटते." मी म्हटलं, जाणार. मग आम्ही दोघी कडकडून भांडलो. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

वचन देते, अण्णा. सांभाळून जाईन, वळणावर घाई करणार नाही, पोचले की आधी आईला फोन करेन. आणि कधी कुणासाठी जीव घाबरला, तर घाबरलाय असंच त्याला सांगेन. त्याच्या हाताला नावं ठेवणार नाही.

माफ करायचं वचन मात्र आज मागू नका. ते घाट चढून झाल्यावर बघू.

तुमचीच,
मंजू