महिन्याचं कडधान्य एकदम भिजत घातल्याची हकीकत

ती. अक्कास,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार (गुडघ्यांनी परवानगी दिली तितकाच वाकलो आहे, उरलेला मनानेच धरून घे). कंबर कशी आहे, डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस का आणि दोन्ही वेळा जेवतेस का, हे प्रश्न मी मुद्दाम पत्रातून विचारतो आहे. फोनवर विचारलं की तू "बरं आहे रे सगळं" म्हणतेस आणि ठेवून देतेस, जणू अजूनही नाणं टाकायच्या फोनपाशी मागे रांग लागली आहे आणि कुणीतरी नाणी खुळखुळवत उभं आहे. पत्र तुला मध्येच ठेवून देता येणार नाही. म्हणजे येईल, पण मला ते कळणार नाही, तेवढंच समाधान.

माझी प्रकृती तशी ठणठणीत आहे, हे डॉक्टर सोडून सगळ्यांना मान्य आहे. गेल्या तपासणीत माझ्या रक्तात साखर जास्त आणि रक्तात रक्तच कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, दिवसभरात खाता काय? मी खरं बोलणारा माणूस (पुढे हे मत तुला बदलावं लागेल, पण तूर्त राहू दे). सांगितलं, सकाळी चहा-टोस्ट, दुपारी चहा-बिस्कीट, संध्याकाळी पाव आणि जॅम, कारण चवीत बदल हवा. लेक शेजारीच बसली होती. दवाखान्याबाहेर आल्यावर तिने निकाल सुनावला. पुढच्या तपासणीत सुधारणा दिसली नाही, तर या दोन खोल्यांना कुलूप लावायचं आणि मी तिच्याकडे राहायला जायचं.

तिचं घर चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. अकरावा मजला. खिडक्या उघडत नाहीत, कारण गार हवा बाहेर जाते. जावई सज्जन आहे, इतका की मी खोकलो तरी उठून उभा राहतो. पण शिलाई मशीन तिथे मावत नाही आणि कापायचं टेबल तर लिफ्टमध्येच जाणार नाही. "बाबा, आता तुम्ही काय शिवणार आहात?" म्हणते. आता हिला काय सांगू? याच टेबलाच्या पलीकडे बसून तुझी भावजय वर्षानुवर्षं काजं-बटणं करायची. मी मान वर केली की ती दिसायची. आता दिसत नाही, पण मान वर करायची सवय या टेबलालाच आहे, दुसऱ्या टेबलाला नाही. म्हणून मी ठरवलं, हे घर सोडायचं नाही, त्यासाठी पालापाचोळा खावा लागला तरी बेहत्तर. लेक महिन्याला किराण्याचे पैसे पाठवते म्हणाली. नको म्हटलं. अन्न तिच्या पैशाचं आलं की मीही हळूहळू तिकडचाच झालो समज. पेन्शनमध्ये बसेल तेच खायचं आणि त्यातूनच सुधारायचं, असा पण केला.

डॉक्टरांनी दिलेला कागद घेऊन मी चौकातल्या नव्या चकचकीत दुकानात गेलो. त्यावर कसल्याकसल्या बिया होत्या, दोन परदेशी फळं होती आणि बदामाचं दूध होतं (बदामाचं दूध कोण काढतं आणि बदाम लाथ कसा मारत नाही, हे मी विचारलं; काउंटरवरची मुलगी हसली नाही). एका बरणीत मोहरीच्या नात्यातलं काळपट बी होतं. ते तिने सोनाराच्या काट्यावर मोजावं तसं मोजलं आणि म्हणाली, "सुपरफूड आहे, काका." किंमत ऐकल्यावर मी चष्मा विसरल्याचं नाटक करून बाहेर पडलो. चष्मा नाकावरच होता. असो.

त्या दिवशी घरी येताना मला तुझी फार आठवण आली. आपण बेकरीमागच्या त्या खोलीत राहायचो, आई हॉस्पिटलच्या धुलाईघरात सकाळपाळी आणि दुपारपाळी दोन्ही करायची आणि तू, स्वतः परकर नीट नेसता येत नव्हता त्या वयात, आमच्या तिघांची आई झालीस. बाजार उठायच्या वेळी तू पिशवी घेऊन निघायचीस आणि मी तुझ्या परकराचं टोक धरून मागे. भाजीवाल्या पाट्या आवरत असायच्या. फुलकोबीची पानं, बिटाचा पाला, मुळ्याचा पाला, जे लोक खुडून तिथेच टाकून जायचे, ते तू असं निवडायचीस की जणू खास तुझ्यासाठीच वाढवलं आहे. "हे मऊ दे मावशी, ते जून आहे," असं फुकटातल्या मालालाही म्हणायचीस! आणि ती मावशी मुकाट्याने मऊ शोधून द्यायची. डाळ घ्यायचीस ती तुटकी, चुरा झालेली. म्हणायचीस, अख्खी घेऊन शेवटी घोटायचीच ना, आपली आधीच घोटून आली.

आणि तुझा तो कायदा! ताटात तीन रंग दिसल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. हिरवा पाल्याचा, पिवळा डाळीचा, तांबडा गाजराचा किंवा बिटाचा. गाजर एकच असायचं, पण तू ते इतकं पातळ कापायचीस की चौघांच्या ताटांत गाजरच गाजर व्हायचं (मी पुढे जन्मभर कात्री चालवली, पण तसा हात मला कधी जमला नाही). एकदा भात आणि कोबीचा दांडा एवढंच होतं, सगळं पांढरंफटक. मधला हटून बसला, कायदा म्हणजे कायदा. तू वेणीची लाल फीत सोडून ताटाशेजारी ठेवलीस आणि म्हणालीस, "दोन झाले. तिसरा पोटात गेल्यावर दिसेल." आम्ही जेवलो आणि मग धाकटी अर्धा तास पोट उघडं टाकून तिसरा रंग बघत बसली. अक्का, आपण गरीब होतो हे मला लग्न झाल्यावर कळलं. तोवर मला वाटायचं की आपल्याकडे फारच थाट आहे.

तर मी ठरवलं, डॉक्टरांचा कागद गेला उडत, अक्काच्या पद्धतीने जेवायचं. घाऊक बाजारात गेलो. सुटं घेण्यापेक्षा एकदम घेतलं की स्वस्त पडतं, हे तुझंच तत्त्व. हरभरे, मूग, मसूर, चवळी, वाटाणे, असा महिन्याचा माल हमालासारखा खांद्यावरून आणला. इथवर सगळं शास्त्रशुद्ध. पुढे घात केला तो माझ्या धंद्याने. आयुष्यभर मी गणवेश शिवले आणि शिंप्याचा पहिला धडा असा, की नवं कापड आलं की सगळंच्या सगळं पाण्यात बुडवायचं. काय आकसायचं ते आधीच आकसू दे, मग कात्री लाव. थोडं भिजवलं, थोडं कोरडं ठेवलं, तर एक बाही आखूड होते. तुला आठवत असेल, तूही काहीतरी भिजत घालायचीस. तू रोज मूठ-मूठच का घालतेस, हे मी त्या वयात कधी विचारलं नाही. मी आपला महिन्याचा सगळा माल एकाच संध्याकाळी पाण्यात बुडवला. दोन बादल्या, कपडे धुवायचा टब, पातेली, डबे, तुझ्या भावजयीची लोणच्याची बरणी, सगळं भरलं आणि एकरकमी काम उरकल्याच्या आनंदात झोपलो.

कापड आकसतं, अक्का. हरभरा आकसत नाही. सकाळी उठलो तर हरभऱ्यांनी बादलीवरचं झाकण उचलून बाजूला ठेवलं होतं. वाटाणे टबाच्या काठावरून खाली उतरून मोरीकडे निघाले होते. बरणीतल्या मुगाला वर यायला जागा नव्हती, म्हणून तो नुसता फुगून माझ्याकडे बघत होता. मी पाणी काढून टाकलं, म्हटलं उन्हात वाळवू, पुन्हा डब्यात भरू. कापायच्या टेबलावर चादर, चादरीवर कडधान्य. टेबल संपलं, मग पलंग. पलंग संपला, मग मशीनवर. त्या आठवड्यात ऊन म्हणून पडलं नाही. वाळायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना मोड आले. मी पलंगाखाली सतरंजी टाकून झोपलो आणि माझ्या डोक्यावर, माझ्याच गादीवर, मसूर वाढत होता.

सर्वांत आधी आली घरमालकीणबाई. दारातूनच बघितलं आणि म्हणाली, "घरात धंदा केलेला चालायचा नाही हं, करारात आहे!" मी काही बोलण्याऐवजी तिच्या हातात मुगाचं पातेलं दिलं. ती बोलत बोलत पातेलं घेऊन गेली. मग शेजारची नर्स आली, वासाने आली असणार. तिने सगळं शांतपणे पाहिलं (त्यांना असल्या दृश्यांची सवय असते) आणि सांगितलं, मोडांना एक वाफ पुरते, वरून लिंबू पिळा म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल. वरच्या मजल्यावर निवृत्त पोस्टमन राहतो, त्याने गॅलरीतल्या कुंड्यांत बीट लावलं आहे. तो पाला खुडून टाकत होता. मी अक्षरशः ओरडलो त्याच्यावर. तो घाबरून जुडी घेऊन खाली आला.

अक्का, त्या दिवसापासून दहाबारा दिवस या टेबलावर चौघं जेवलो. मालकीणबाई भात आणायची, नर्स लिंबं आणि गाजरं, पोस्टमन पाला. माझं कडधान्य. कुणालाच फार खर्च नाही आणि ताट भरलेलं. पहिल्या दिवशी पोस्टमनने घास उचलला तर माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा! तीन रंग मोजा." तिघं माझ्याकडे बघायला लागले. मग मोजले बिचाऱ्यांनी. मालकीणबाई म्हणाली, कुणी शिकवलं हे? मी तुझ्याबद्दल सांगायला लागलो आणि भात गार झाला तरी थांबलो नाही. चौघांचं जेवण मला कसं बिनचूक जमत होतं! मीठसुद्धा चुकलं नाही. पुढे कडधान्य संपलं, तसे जो तो आपापल्या घरी जेवायला लागला, आणि ते बरोबरच आहे. माणसाला स्वतःचं घर असतं.

आता आनंदाची बातमी. परवा अहवाल आला. साखर उतरली आहे, रक्त चढलं आहे. डॉक्टरांनी विचारलं कोणतं औषध घेतलं, मी म्हटलं निष्काळजीपणा. तेव्हा तू माझी काळजी करू नकोस. मी आता मूठ-मूठ भिजत घालतो, बाजार उठायच्या वेळी जातो, जॅमची बाटली मालकीणबाईच्या नातवंडांना दिली आहे. घर टिकलं, तब्येत टिकली, कुणाची काही गरज नाही. कळवायला आनंद वाटतो, एवढ्याचसाठी हे पत्र.

तुझ्या हातचं खाऊन मोठा झालेला,
तुझा धाकटा

ता. क. : फुलकोबीच्या पानांचा उग्र वास तू कशाने घालवायचीस, तेवढं कळव. मी तीनदा भाजी केली, तिन्ही वेळा नर्सने गॅस गळतोय का विचारलं. दुसरं काही मागणं नाही.

ता. क. दुसरा : मागणं आहे. अहवाल बघून लेक म्हणाली, "चार दिवस कुणीही नीट जेवतं, बाबा. पुढे काय? शेजारी आज आहेत, उद्या नाहीत. एकट्यासाठी तुम्ही रांधणार नाही, मला माहीत आहे." पोरगी शहाणी आहे. खरंच रांधवत नाही, अक्का. एका माणसाचं माप मला येतच नाही, आपल्या घरी ते कधी नव्हतंच. पण घर हातचं जातंय असं दिसल्यावर मी म्हणून गेलो, "एकटा कुठे आहे? तुझी आत्या आली आहे ना राहायला." तिचा चेहरा असा उजळला की बोललेलं परत घेता येईना. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी ती तुला भेटायला येणार आहे. तेव्हा तू तेवढी ये. टेबलाची पलीकडची बाजू मी साफ केली आहे.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. आत्ताच लेकीचा फोन येऊन गेला. म्हणाली, "बाबा, राग मानू नका, पण माझा तुमच्यावर विश्वास बसला नव्हता. म्हणून काल आत्याला तिच्या मोबाइलवर फोन केला." म्हटलं, संपलं, आता सामान बांधायचं. तर पुढे म्हणते, "मी विचारलं, आत्या, तू कुठे आहेस? तर म्हणाली, कुठे म्हणजे? इथेच, तुझ्या बापाच्या घरी. डाळ करपवतोय तो, ठेव फोन."

अक्का, मी तुला काही कळवलं नव्हतं. कुणीच कळवलं नव्हतं. तू तिकडे तुझ्या घरात एकटी बसलेली, आणि क्षणभरही न अडखळता एवढं बोललीस. वर मला साधा फोन करून विचारलंसुद्धा नाहीस, की काय घोळ घातलायस म्हणून. मी या टेबलावर डोकं ठेवून रडलो, लपवत नाही. त्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळच्या गाडीने ये, मी फलाटावर उभा असेन. परतीचं तिकीट काढू नकोस.