फळाभर अक्षरं

तीर्थरूप बाबा, इथूनच तुमच्या पाया पडते.

मी मजेत आहे. नवी शाळा चांगली आहे, खोलीही हवेशीर आहे. फक्त वर्ग अगदी वरच्या मजल्यावर आहे, म्हणून पोहोचेपर्यंत थोडा दम लागतो. तुम्ही गुडघ्यांना तेल लावता ना? की माझी पाठ फिरली आणि बाटली कपाटात गेली?

काल वर्गात आईची फार आठवण आली. वह्या तपासता तपासता ती माझे पाढे ऐकायची आणि मी चुकले की मान वर न करता म्हणायची, "परत." वर्गभर मुलांची आई होती ती. आम्ही दोघं भावंडं आपली त्यातलीच.

तिच्या मोत्यासारख्या अक्षराचं सगळे कौतुक करायचे. छातीत कळ आली की ती मुलांकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राहायची, हे ती गेल्यावर तुम्ही सांगितलंत. कळ ओसरेपर्यंत तिचा खडू थांबत नसे. शेवटच्या दिवशी फळा काठोकाठ भरला होता.

माझंही अक्षर हल्ली सुधारलंय. परवा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुमचा फळा बघत राहावासा वाटतो."

दादाला यातलं काही सांगू नका, तो उगाच धावत येईल. परीक्षा संपल्या की मीच येते.

काल मागच्या बाकावरची एक मुलगी कुरकुरली, "बाई, किती लिहिताय? आता जागाच उरली नाही."

मी फळा पुसला आणि पुन्हा वरून सुरुवात केली.

तब्येतीला जपा.

तुमची धाकटी