पाहुणा असेपर्यंतचा काटा

ती. रावजी दाजी यांच्या चरणी अंबाजीचा नमस्कार. आक्काचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळी खुशाल आहेत, मला सोडून.

तुमच्या कॉलेजातले रामचंद्रराव तुम्हीच इकडे धाडलेत. संस्थेत बदल झाला की माणसं कशी वागतात, हा म्हणे त्यांचा अभ्यास. आमच्या मच्छीमार सोसायटीतला बदल म्हणजे मी सेक्रेटरी या नात्याने आणलेला वजनकाटा. बायांनी मासळी पाटीच्या अंदाजाने न विकता किलोवर विकावी, असा ठराव मी केला. (तेव्हापासून काट्यावर जाळी वाळत होती.)

रामचंद्रराव आले आणि दुसऱ्याच सकाळी सगळ्या बाया काट्यापुढे रांगेत उभ्या! बदलामुळे मनाला काय वाटतं, असं ते प्रत्येकीला विचारत. बायजा म्हातारी म्हणाली, बरं वाटतं, आणि लगेच त्यांचं लग्न झालंय का ते विचारून घेतलं. बाकीच्या काही भलतं बोलू नयेत म्हणून त्यांची उत्तरं मीच देत होतो. पाहुणे आणखी राहावेत म्हणून रोज पापलेट खाऊ घातलं.

एकदा मी फुशारकीने बायांच्या पुढारी नीराबाईला म्हटलं, बघ, पटला ना काटा? ती म्हणाली, "पाहुन्यासमोर गावाची लाज कशाला काढायची? त्यो हाय तवर काटा. गेला का पाटी." आणि खरंच, रेवदंड्याची एसटी वळली नाही तोच काट्यावर पुन्हा जाळी.

आता रामचंद्ररावांचा अभिप्राय आलाय. लोकांनी बदल आनंदाने स्वीकारला आहे. फक्त सेक्रेटरी सदा घाबरलेला असतो, त्याला बदलून पाहावं. माझं पापलेट खाऊन! येत्या सभेत नीराबाई माझ्या जागेवर उभी राहतेय. दाजी, ती खुर्ची गेली तर मला गावात कुत्रंही विचारणार नाही.

तुमचा,
अंबाजी

ता. क. खरं काम असं की, सभेच्या आत रामचंद्ररावांना पुन्हा धाडा. पाहुण्यादेखत कुणी माझ्याकडे सोसायटीची चावी मागणार नाही.

ता. क. २. हा बेत मी फक्त बायकोला, आमच्या मैनाला, सांगितला होता. ती विहिरीवरून परत येईतो नीराबाईचा निरोप हजर: "पाहुना येऊ दे. मी हसत चावी मागन, तू हसत देशील. त्याच्यासमोर न्हाय म्हनशील व्हय?"

मला ठाऊक आहे, मी देईन. तेव्हा दाजी, कुणाला धाडू नका.