कोलंबीचा खोका

३ नोव्हेंबर, सोमवार

पास! पहिल्याच फटक्यात पास! खोक्याचं डिझाइन सकाळी दहाला पाठवलं, साडेदहाला हेतलमॅडमचं उत्तर — "मंजूर." बस्, एवढंच. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गेल्या खेपेला त्यांचा नारिंगी पट्टा दीड मिलिमीटर कमी पडला म्हणून बाईंनी मला अकरा वेळा नाचवलं होतं. आमचं नाव त्यांच्या नावापेक्षा ठळक दिसतं म्हणूनही एकदा आठवडाभर वाद झाला होता. आज चकार शब्द नाही. बाई आजारी आहेत की प्रेमात पडल्यात, देव जाणे!

आमची कंपनी पुण्याची. कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं बनवते. बोर्ड आमचा, पंखा आमचा, खोका आमचा — आणि ज्याच्यामुळे कोणी ते विकत घेतं ती चिप मात्र त्यांची. त्यांचं नाव कुठेही लिहिणार नाही अशा कागदावर मी सही केली आहे. म्हणून इथेही मी त्यांना 'वरचे' म्हणणार. खोके मंजूर करणाऱ्या हेतलमॅडम त्यांच्याच. वही कोण वाचतंय, पण सही ती सही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

विनोदसर स्वतः घरी आले! नव्या कार्डाचा नमुना कुरिअरने पाठवायचा नाही असा वरच्यांचा हुकूम, म्हणून मालक गाडीतून खोका मांडीवर घेऊन पुण्याहून रत्नागिरीला. माहितीपुस्तिका लिहायला मला कार्ड डोळ्यांसमोर लागतं. "कोणाला दाखवायचं नाही," असं तीनदा सांगितलं. प्रत्येक कंपनीच्या खोक्यावरच्या नंबरातला शेवटचा आकडा वरच्यांनी वेगळा छापायला लावलाय — बाहेर फुटलं तर कोणाकडून फुटलं ते कळावं. आमचा सात.

चहा घेताना सर जरा मोकळं बोलले. पुढच्या वर्षीचा करार वीस तारखेला आहे. नव्या चिपा हव्या असतील तर जुन्या, न खपलेल्याही तितक्याच उचला, अशी अट. तीही गिळली असती. पण बाजारात कुजबुज आहे की वरचे याच चिपेचं स्वतःचं कार्ड काढणार, आमच्यापेक्षा स्वस्त. तसं झालं तर आमचा माल गोदामात कुजणार आणि कारखान्याची एक पाळी बंद. हेतलमॅडमना विचारावं तर महिनाभर त्या सरांचा फोनच उचलत नाहीत.

पाळी बंद झाली की पहिली घरून काम करणारी जाणार. ती मी. मग पुण्यात भाड्याची खोली, आणि आत्या इथे एकटी. मला नाही जायचं.

सर आज रत्नागिरीतच मुक्कामाला, उद्या सकाळी बायकोसह वेळणेश्वरला देवदर्शनाला निघायचे होते. ताजी मासळी कुठे मिळेल, विचारत होते. म्हटलं, आमची भागूआत्या मिरकरवाड्याला मासळी विकायला बसते, तिच्याकडे या कधी.

८ नोव्हेंबर, शनिवार

कार्ड लावलं. पंखे फिरतात, बाकी काही नाही! चालवायचं सॉफ्टवेअर वरचे विक्रीच्या दिवशीच देणार. आपणच बनवलेली वस्तू आपल्यालाच चालवता येत नाही. पुस्तिकेत लिहू काय — "पंखा सुंदर फिरतो"?

९ नोव्हेंबर, रविवार

मेले. मेले. मेले.

दुपारी सहज नेटवर गेले, तर नव्या कार्डाचा खोका! झाकण उघडं, आतल्या काळ्या स्पंजवर बर्फ, बर्फावर कोलंबी. नारिंगी पट्टा झकास दिसतोय, दीड मिलिमीटरसकट. शेवटचा आकडा सात. खाली चारशे लोकांनी अकलेचे तारे तोडलेत. एकाने विचारलंय, "थंड करायची नवी पद्धत का?"

कार्ड टेबलावर होतं. खोका मी पडवीत ठेवला होता. धावत मागीलदारी गेले. विहिरीच्या कट्ट्यावर खोका धुऊन उलटा वाळत घातलेला! शुक्रवारी रात्री आत्याला तो पडवीत रिकामा दिसला, शनिवारी पहाटे ती बाजारात घेऊन गेली. तिच्यासाठी रिकामा खोका म्हणजे टाकलेला खोका.

मी रडकुंडीला आले. ती शांत. "काय गो, सोन्याचा हाय काय? बरफ दोन वाजेपर्यंत ऱ्हातो त्यात. थर्माकोलचा बारा वाजता पाणी होतो."

खोका कपाटात कुलूपबंद केला. सगळ्या साड्यांना कोलंबीचा वास.

१० नोव्हेंबर, सोमवार

सरांचा फोन. फोटो त्यांनी पाहिला आहे. वरच्यांनीही. मी "बघते, सर, शोध घेते" म्हणाले. खरं सांगायला हवं होतं, जीभच उचलली नाही. सर मध्येच थांबत होते, आवाज घोगरा, सारखा खोकला. सर्दी झाली असावी. ओरडले मात्र नाहीत, त्यामुळे जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रात्री झोप नाही. पुण्यातल्या खोल्यांची भाडी बघितली. बंद केलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

महिनाभर फोन न उचलणाऱ्या हेतलमॅडम शनिवारच्या गाडीने चौकशीला येताहेत. इथे! आमच्या घरी! सर म्हणाले, "नीट जेवू घाल." फाशी द्यायला येणाऱ्याला कोणता मासा करतात?

१५ नोव्हेंबर, शनिवार

स्टेशनवर आणायला गेले. मला वाटलं होतं कोणी दरारा असलेली बाई असेल. माझ्याच वयाच्या निघाल्या, पाठीवर सॅक, रिक्षात दोनदा कपाळ आपटलं. मराठी अगदी साफ, मुंबईची.

मी वाटेतच कबूल करणार होते. घरी गेल्यावर करू म्हटलं. जेवून करू म्हटलं. ताटावर बसलो, आणि आत्यानेच सुरमईचा तुकडा वाढता वाढता सांगून टाकलं की खोका तिने नेला, कोलंबी त्यात बरी राहते, आणि तुमच्या कंपनीला सांगा, झाकण जरा घट्ट करा. हेतलमॅडमना ठसका लागला. हसल्या की काय, कळेना.

पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी वही काढून ताटाशेजारी ठेवली. आत्या समोर पाटावर बसली आणि रामा बोटवाल्याची गोष्ट सुरू केली. मी डोळ्यांनी थांब थांब करतेय, ती कसली थांबते!

"वीस वर्सं तो माज्याशी दरावरून भांडला. आनी पापलेट हवा तर बारकी मासळीपन घे, ह्यो जुलूम. एक साल गप बसला. मागीन त्या दराला पाटी द्यायला लागला. मला वाटला, सुधारला मेला. गणपती झाले, आनी माज्याच बाजूला त्याची सून पाटी घेऊन बसली."

मॅडम ऐकत होत्या.

"भांडायचा थांबतो, त्याला आपली गरज सरलेली असते, बाय. ही सांगत होती, तू आता भांडत नायस. सून बसवताय काय बाजारात?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्याच क्षणी ते अकरा फेरे आठवले, आणि तो एक शब्द — मंजूर. मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं. घास हातातच होता. नाही म्हणायला एक सेकंद पुरला असता. त्या आत्याकडे बघत राहिल्या, मग खाली मान घालून म्हणाल्या, "सोलकढी आहे का अजून?"

आत्याने वाटी भरून दिली. वही तशीच परत सॅकमध्ये गेली.

परत स्टेशनवर रिक्षातून उतरताना हळूच म्हणाल्या, "मी काही बोलले नाही हं." मी म्हटलं, "नाही, मॅडम." मग म्हणाल्या, अहवालात फोटो बनावट आहे असं लिहिते, कोलंबीवर वरच्यांपैकी कोण विश्वास ठेवणार? वाईट बाई नाहीत. मला त्यांची दयाच आली.

१६ नोव्हेंबर, रविवार

सरांना सगळं सांगितलं. म्हणजे सोलकढी सांगितली, खोका नाही सांगितला. कशी लबाड आहे मी! सर म्हणाले, "म्हणजे स्वतःचं कार्ड काढताहेत." उद्या करारावर सही करणार नाही असं कळवणार, आणि दुसऱ्या चिपवाल्यांना, म्हणजे 'पलीकडच्यांना', भेटायला जाणार — उघड, सगळ्यांना दिसेल असं.

मी म्हटलं, सर, चिपाच बंद केल्या तर? म्हणाले, मग तू मला तुझ्या आत्याच्या बाजूला जागा बघून दे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काही नाही. दहादा मेल उघडून बघितली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी हेतलमॅडमची मेल! मंजूर केलेल्या खोक्यावर हरकत! नारिंगी पट्टा दोन मिलिमीटर वाढवा, आमचं नाव लहान करा, आणि कोपऱ्यातला समुद्राचा निळा त्यांच्या प्रतिमेला शोभत नाही!

बाजारात जाऊन आत्याला वाचून दाखवली. तिने कोयती खाली ठेवली. "भांडतेय?" म्हटलं, भांडतेय. ती हसली, शेजारणीला हाक मारून सांगितलं. मी तिथेच, मासळीच्या चिखलात उभी राहून रडले. पुण्याची खोली गेली खड्ड्यात!

दुपारभर भांडले. निळा सोडला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

काल सही झाली. जुन्या चिपांची अट गेली. वरचे स्वतःचं कार्ड काढणारच, पण आमच्यानंतर तीन महिन्यांनी — लेखी! सर फोनवर मुलासारखे खुश. माझी जागा पक्की, इथूनच.

आता मनाला खातंय. एवढ्या चांगल्या माणसाला मी दोन आठवडे फसवतेय. सोमवारी खोक्याचं खरं सांगून टाकणार. काय व्हायचं ते होवो.

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्याला म्हटलं, उद्या साहेबांना कबूल करणार. तिने नवलाने बघितलं.

"काय कबूल करतेस? तो तुजा साहेब त्या शनवारी सकाळीच आलेला माज्याकडं, वेळणेश्वरास निघालेला. दोन वाटे कोलंबी घेतलान. खोक्याचा फोटोपन त्यानंच काढलान. म्हणाला, मावशी, हात जरा बाजूला घ्या, आकडा दिसू दे."

सर्दी म्हणे! हसू दाबत होते. फोन न उचलणाऱ्या बाईंना इथवर आणायला केलं हे सगळं! उद्या दहाला फोन करणार आहे. पहिला प्रश्न ठरलाय — कोलंबी कशी होती, सर?